स्वेटरवरची नक्षी, वाऱ्यातलं बेट : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात फेअर आइल बेटाबद्दल लिहिलं आणि एवढी पत्रं आली की हे अख्खं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. ज्यांचा तो अंक हुकला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी आणि शेटलंड असे बेटांचे दोन पुंजके आहेत, त्यांच्या बरोबर मधे भर समुद्रात हे एकटं बेट, लांबी जेमतेम पाच किलोमीटर आणि रुंदी त्याच्या निम्मी, म्हणजे डेक्कनवरनं चालत कोथरूड डेपोपर्यंत गेलात की बेट संपलं. वस्ती पन्नासच्या आसपास. माणसं म्हणतेय मी, घरं नाही. माझी लेक अ‍ॅबर्डीनला असते, तिच्यासोबत २०२२ च्या जूनमधे तिथं गेले, तीन रात्री राहायचं ठरलं होतं पण धुकं असं बसलं की विमानच येईना, पाच रात्री झाल्या. त्या जास्तीच्या दोन दिवसांतच मला बेट खरं दिसलं असं मला वाटतं.

मुलाने लंडनहून स्वेटर आणलाय, लेबलवर ‘फेअर आइल’ लिहिलंय पण आत बघितलं तर बनलाय भलत्याच देशात. त्याला फसवलं का हो दुकानदाराने?
– एक वाचिका, सहकारनगर

नाही ताई, फसवलं असं नाही म्हणता येणार. आपल्याकडे सेमी पैठणी म्हणतात ना, काठपदर पैठणीसारखा पण मागावरचं सगळं काम मशीनचं, तसंच समजा. फेअर आइल हे आता नुसतं बेटाचं नाव राहिलेलं नाही, नक्षीच्या प्रकाराचं नाव झालंय, त्यामुळे कुणीही कुठेही विणतो आणि तेच नाव लावतो. नक्षी ओळखायची खूण सांगते. आडवे पट्टे असतात, त्यात चौकट, फुली, चांदणी असले आकार, आणि स्वेटरमधे सातआठ रंग असले तरी कुठलीही एक ओळ घेतलीत तर तिच्यात रंग दोनच. तिसरा नाही. एक रंग पुढे विणला जातो तेव्हा दुसरा मागून पळत असतो, म्हणून कापड आपोआप दुपदरी होतं आणि म्हणूनच ते एवढं उबदार. म्हणजे नुसतं शोभेसाठी नाही केलंय ते, मासेमारीला जाणाऱ्या माणसाला वारा लागू नये म्हणून केलंय.

नाव जगभर कसं झालं त्याची गोष्ट सगळीकडे सांगतात, १९२२ साली प्रिन्स ऑफ वेल्स (पुढे तोच आठवा एडवर्ड झाला) सेंट अँड्र्यूजला गोल्फ खेळताना असला स्वेटर घालून आला आणि मग सगळ्या फॅशनवाल्यांना तोच हवा झाला. ही गोष्ट खरी आहे. पण त्याच्या आधीची गोष्ट कुणी सांगत नाही, ती मी सांगते. एकोणिसाव्या शतकात शेटलंडभर बायका विणायच्या आणि व्यापारी त्यांना पैसे द्यायचेच नाहीत, बदल्यात चहा, कापड, असलं सामान द्यायचे आणि तेही त्यांच्याच दुकानातलं, त्यांनी ठरवलेल्या भावात. हातात रोकडा नाही. शेवटी १८७२ साली सरकारनं चौकशी बसवली, बायकांच्या साक्षी घेतल्या, त्या साक्षी आजही वाचायला मिळतात आणि वाचताना मला आपल्याकडच्या विडी वळणाऱ्या बायका आठवल्या, हिशोब कायम दुसऱ्याच्या वहीत.

तुमच्या मुलाने आणलाय तो आनंदाने घाला. फक्त पुढे कधी हातानं विणलेला खरा स्वेटर बघितलात आणि किंमत ऐकून ‘बाई गं, एवढे!’ असं तोंडात आलं तर एक आठवा, अंगभर नक्षीच्या एका स्वेटरला शंभर तासांच्या आसपास लागतात. त्या किमतीला शंभरानं भागा आणि मग सांगा महाग आहे का. बेटावरचे काही जण हातानं चालवायच्या विणकाम मशीनवर मुख्य भाग करतात आणि जोडणी, काठ हातानं करतात, तेही ते लपवत नाहीत, सरळ सांगतात.

नक्षीवर हक्क कुणाचा? कोल्हापुरी चपलेवरून एवढं झालं तसं त्यांच्याकडे कधी झालंय का?
– डिझाइन शिकणारी एक विद्यार्थिनी, कर्वेनगर

झालंय, आणि जवळजवळ तस्संच झालंय. २०१५ च्या उन्हाळ्यात शनेल कंपनीची माणसं फेअर आइलवर जाऊन माती वेंत्रिलॉन या विणकर बाईंकडून काही कपडे घेऊन आली, आणि डिसेंबरमधे कंपनीच्या रोमच्या फॅशन शोमधे अगदी तशीच नक्षी, नाव कुणाचं नाही. त्या बाई गप्प नाही बसल्या, जाहीर बोलल्या, आणि शनेलला माफी मागून त्यांचं नाव द्यावं लागलं. आपल्याकडे जून २०२५ मधे प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानला कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, आरडाओरडा झाल्यावर प्रेरणा भारतातली आहे हे कबूल केलं. आणि कोल्हापुरीला तर २०१९ पासून जीआय टॅग, म्हणजे ते नाव त्याच भागातल्या मालाला लावायची सरकारी नोंद, आहे बरं का. म्हणजे कागद असूनही बोलावं लागतंच.

याबाबतीत शेटलंडपेक्षा स्कॉटलंडच्याच दुसऱ्या बाजूची बेटं हुशार निघाली असं माझं मत आहे. पश्चिमेकडे आउटर हेब्रिडीज म्हणून बेटं आहेत, तिथलं हॅरिस ट्वीड तू शिकली असशील. त्यासाठी ब्रिटनच्या संसदेनं १९९३ साली चक्क कायदा केला, की ते कापड त्या बेटांवरच्या माणसानं स्वतःच्या घरी हातमागावर विणलेलं असलं पाहिजे, लोकर रंगवणं आणि सूत कातणंही तिथलंच, तरच हॅरिस ट्वीड म्हणायचं. ‘स्वतःच्या घरी’ हे शब्द मला फार मोलाचे वाटतात. कारखाना काढून तिथल्याच लोकांना मजुरीवर बसवलं तरी चालणार नाही. तू डिझाइन शिकतेस म्हणून तुला कळकळीनं सांगते, नक्षी वापर, जरूर वापर, कला फिरली की जगते, पण ज्याच्याकडून घेतलीस त्याचं नाव लिही आणि जमेल तिथं कामही त्यालाच दे.

बुडालेल्या स्पॅनिश जहाजावरच्या खलाशांनी ही नक्षी शिकवली असं वाचलं. खरं आहे का?
– एक वाचक, नारायण पेठ

जहाज खरं, नक्षीचं काही खरं नाही. १५८८ साली स्पेनच्या आरमारातलं एल ग्रान ग्रिफोन नावाचं जहाज फेअर आइलच्या खडकांवर फुटलं, सुमारे तीनशे माणसं बेटावर चढली आणि काही आठवडे तिथंच अडकली. आता विचार करा, मूठभर घरांच्या बेटावर थंडीच्या तोंडावर तीनशे पाहुणे. धान्य संपलं असेल, जनावरं संपली असतील, कितीतरी खलाशी तिथंच मेले. असल्या दिवसांत कोण कुणाला टाके शिकवतंय! शिवाय आज बघायला मिळणारे या पद्धतीच्या विणकामाचे सगळ्यात जुने नमुने एकोणिसाव्या शतकातले आहेत, मधली दोनअडीचशे वर्षं कोरी. अशा नक्ष्या बाल्टिक समुद्राच्या आणि नॉर्वेच्या बाजूलाही आहेत आणि शेटलंडच्या खलाशांचं तिकडे जाणंयेणं होतं, ते जास्त पटतं.

पन्नास माणसांत करमतं कसं? शाळा, दवाखाना, दुकान, काही आहे का? आम्हाला सोसायटीत शंभर फ्लॅट असून बोलायला कुणी नाही.
– एक वाचिका, वारजे

तुमच्या शेवटच्या वाक्यानं मला गलबलून आलं. सांगते सगळं.

दुकान एकच, त्यातच पोस्ट. प्राथमिक शाळा आहे, मुलं बोटावर मोजण्याइतकी. पण साधारण बारा वर्षांचं झालं की मूल लर्विक या शेटलंडच्या मुख्य गावी हायस्कूलला जातं, तिथं वसतिगृहात राहतं, आणि दर काही आठवड्यांनी घरी येतं, तेही हवा बरी असली तर. म्हणजे अकरा-बारा वर्षांच्या लेकराला बोटीवर बसवून हात हलवायचा. बेटावर एक नर्स राहते, डॉक्टर नाही, गंभीर काही झालं तर हेलिकॉप्टर. चर्च दोन, दारूचा गुत्ता एकही नाही. एक सार्वजनिक हॉल आहे तिथं नाच, गाणी, लग्नं, मीटिंगा सगळं.

यायला आठेक माणसं मावतील असं विमान, पंचवीस मिनिटं, नाहीतर ‘गुड शेफर्ड’ नावाची बोट, तिला अडीच तास तरी लागतात आणि त्या समुद्रात अडीच तास म्हणजे आपला वरंधा घाट सलग चार वेळा उतरल्यासारखं होतं पोटात. बंदरातही लाटा घुसतात म्हणून ती बोट पाण्यात ठेवत नाहीत, प्रत्येक फेरीनंतर ओढून जमिनीवर घेतात! बीबीसी रेडिओवर जहाजांसाठी हवामान सांगतात त्यात समुद्राच्या एका पट्ट्याचं नावच फेअर आइल आहे, तिथं ते रेडिओवर लागलं की घरात सगळे गप्प.

आता करमण्याचं. तिथं एक माणूस म्हणजे एक काम असं नसतंच. मेंढ्या आहेत, बटाटे आहेत, विमान येणार असेल तेव्हा धावपट्टीवर आगीचा बंब घेऊन उभं राहायचं तेही गावातल्यांनीच, आणि मधल्या वेळात विणकाम. डोंगरावरच्या मेंढ्या गोळा करायच्या दिवशी सगळं गाव ओळ करून चालत जातं, आपल्या इरजिकीसारखं, आज तुझ्या कामाला मी उद्या माझ्या कामाला तू. मी ज्या घरात राहिले त्या बाई एका दुपारी सहज म्हणाल्या, इथं एखाद्याशी भांडण झालं तरी उद्या त्याच्याच सोबत बोट ओढायची असते. एवढंच. मी वहीत लिहून ठेवलं.

वीज आता चोवीस तास आहे, पण ती आली ऑक्टोबर २०१८ मधे. त्याआधी वारा नसला की रात्री साडेअकरा ते सकाळी साडेसात अंधार, कारण डिझेलचा जनरेटर बंद करायचे. आता तीन पवनचक्क्या, सोलर पॅनल आणि बॅटऱ्या. आपल्याला वाटतं फ्रीज तर सगळ्यांकडेच असतो, पण रात्री वीज जाणार म्हणून फ्रीजरमधे काय किती ठेवायचं याचा हिशोब त्या बायकांनी वर्षानुवर्षं केलाय. हिवाळ्यात सकाळी नऊनंतर उजाडतं आणि तीनच्या सुमारास मावळतं. बर्फाचा त्रास फार नाही, वाऱ्याचा आहे. झाडं जवळजवळ नाहीतच, वारा राहू देत नाही.

आणि एक गंमत जी फक्त मराठी माणसालाच पटकन कळेल. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’, पण शेटलंडच्या बोलीत आपल्यासारखं तू आणि तुम्ही वेगळं आहे! जवळच्याला ‘डू’, परक्याला किंवा मोठ्याला ‘यू’. ही बेटं आधी नॉर्वे-डेन्मार्कच्या राजाची होती, १४६९ साली त्यानं मुलीच्या हुंड्याचे पैसे नव्हते म्हणून शेटलंड स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण टाकलं आणि ते कधी सोडवलंच नाही. बोलीत अजून ते जुने शब्द आहेत. लहानसं काही असलं की ‘पीरी’ म्हणतात, पीरी मूल, पीरी कप. सहाव्या दिवशी निघताना मी राहिले त्या घरच्या बाईंनी मला ‘डू’ म्हटलं. मला कुणीतरी अगं म्हटल्यासारखं वाटलं.

हे सगळं कायमचं आहे असं समजू नका मात्र. सेंट किल्डा नावाचं असंच एक बेट, तिथं माणसं कमी होत होत ३६ उरली आणि २९ ऑगस्ट १९३० ला सगळी बेट सोडून बोटीत बसली. फेअर आइलचंही तेच व्हायचं, पण पक्ष्यांचे अभ्यासक जॉर्ज वॉटरस्टन यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर ते विकत घेतलं, १९४८ मधे पक्षी निरीक्षण केंद्र काढलं, त्यामुळे येणारंजाणारं कुणीतरी राहिलं, आणि १९५४ पासून बेट नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. ते केंद्र २०१९ मधे आगीत जळालं, मी गेले तेव्हा नुसती जागा होती, आता नवीन उभं राहिलंय.

मी चाळीस वर्षं विणते पण दोन रंग घेतले की विण आवळली जाते. शिवाय तिकडे विणलेला स्वेटर कात्रीनं कापतात म्हणे! तुळशीबागेतल्या लोकरीवर जमेल का?
– एक वाचिका, बिबवेवाडी

काकू, आवळली जाते कारण मागून पळणारा धागा आखूड पडतोय. रंग बदलायच्या आधी उजव्या सुईवरचे टाके बोटांनी जरा पसरून घ्या, कुडत्याची चुणी सारखी करतो तसे, आणि मगच नवीन रंगाचा टाका घाला. पाचसहा टाक्यांपेक्षा जास्त लांब धागा मागे लोंबू देऊ नका, अंगठी अडकते. एक रंग कायम वरून आणि दुसरा कायम खालून, मधेच अदलाबदल केली की नक्षी अंधुक दिसते. आणि सपाट विणू नका. दोन्ही बाजूंनी टोकदार सुयांवर गोल विणा, आपण मोजे विणतो तसं, म्हणजे नक्षी कायम समोर आणि सगळे टाके सुलट.

तिथल्या बायका कमरेला एक चामड्याचा पट्टा बांधतात, त्याला घोड्याचे केस भरलेली भोकाभोकांची गादी असते, उजव्या सुईचं टोक त्या भोकात रुतवायचं, सुई स्थिर, उजवा हात मोकळा. विणकामाला तिथं ‘माकिन’ म्हणतात आणि हा माकिन बेल्ट. शेटलंडचे जुने फोटो बघा, पाठीवर जळणाची टोपली आणि चालताचालता दोन्ही हात विणतायत. माझी आजी एसटीत उभ्यानं विणायची ते आठवलं मला.

कापणं मी डोळ्यांनी बघितलं. अंग पूर्ण नळीसारखं विणून झालेलं, बाहीच्या जागी मधे थोडे जास्तीचे टाके घातलेले, मी राहिले त्या घरच्या बाईंनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते पसरलं, साधी कात्री घेतली आणि त्या टाक्यांच्या मधून वरपासून खालपर्यंत कापत गेल्या. माझ्या पोटात गोळा. पण एक टाका उसवला नाही! कारण शेटलंडच्या मेंढीची लोकर, तिचे तंतू एकमेकांना धरून बसतात. पूर्वी ती लोकर कापायचेही नाहीत, उन्हाळ्याच्या तोंडावर ती आपोआप सैल होते तेव्हा हातानं उपटून घ्यायचे. मग धुतलेला स्वेटर लाकडी चौकटीवर ताणून वाळवायचा, तेव्हा नक्षी उघडते. चौकटीवर चढायच्या आधी आणि नंतर, दोन वेगळे स्वेटर वाटतात.

तुळशीबागेत बरीचशी लोकर अ‍ॅक्रिलिक मिळते, ती गुळगुळीत असते. तिच्यावर नक्षी छान येईल, टोपी करा, मफलर करा, पण कात्री अजिबात लावू नका, सगळं उसवेल. मला तर फार दिवसांपासून वाटतंय की आपल्या धनगरांच्या दख्खनी मेंढीच्या लोकरीवर कुणीतरी हे करून बघावं. ती खरखरीत असते, अंगाला लागून नाही घालता येणार, म्हणून तर घोंगडी होते तिची, पण पिशवी, आसन, उशीचा अभ्रा का नाही? काळा, तपकिरी, पांढरा असे रंग तर मेंढीच देते, शेटलंडमधेही असेच मेंढीचे मूळ रंग वापरतात आणि प्रत्येकाला त्यांच्या बोलीत वेगळं नाव आहे, तपकिरीला ‘मूरिट’, गडद करड्याला ‘शेला’. आपल्याकडे धनगरांनाही मेंढ्यांच्या रंगांची नावं विचारून बघा, थांबणार नाहीत सांगायचे.

गाणंबजावणं काय असतं तिथं?
– एक वाचक, सदाशिव पेठ

मुख्य वाद्य फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच, पण बसून ऐकायला नाही, नाचायला. जुन्या चाली लिहून ठेवलेल्या नव्हत्या, टॉम अँडरसन नावाच्या शेटलंडच्याच फिडलवादकांनी म्हाताऱ्या वादकांकडून त्या गोळा केल्या आणि शाळेतल्या मुलांना शिकवल्या, म्हणून आज टिकल्यात. हॉलमधे मी ऐकलं तेव्हा पायानं ठेका धरणारे आजोबा आणि वाजवणारी शाळकरी मुलगी, मधे नोटेशनचा कागद नाही. तुम्ही पेठेतले, गुरूसमोर बसून शिकणं म्हणजे काय ते मी तुम्हाला काय सांगणार.

वर्क फ्रॉम होम करतो, वय २९, तिथं राहायला जाता येईल का?
– एक वाचक, बाणेर

ब्रिटनमधे राहायचा हक्क हवा हे पहिलं. मग घर, आणि घरंच मोजकी आहेत, रिकामं झालं की ट्रस्ट जाहिरात देतं. पण त्यांना नुसता लॅपटॉपवाला भाडेकरू नकोय, बोट ओढणारा, मेंढ्यांमागे धावणारा माणूस हवाय. आधी हिवाळ्यात पंधरा दिवस राहून या. जूनमधे तर कुणालाही आवडेल.

वय ७८. माझ्या बहिणीनं नातवासाठी असाच दोन रंगांचा स्वेटर विणायला घेतला होता, पाठ पूर्ण झाली आणि ती गेली. सुया, लोकर, सगळं तसंच पिशवीत आहे. मला आता दिसत नाही नीट, हात थरथरतात. उसवून टाकू का?
– एक वाचिका, शनिवार पेठ

नका उसवू, मावशी. सुया काढू नका, टाके आहेत तसेच सुईवर राहू देत, आणि टोकांना रबर गुंडाळा म्हणजे सटकणार नाहीत. पिशवीत डांबरगोळी नको, कडुनिंबाची वाळलेली पानं टाका. लोकरीच्या गुंड्यावरचा कागद असेल तर जपून ठेवा, त्यावरचा रंगाचा नंबर लागेल आपल्याला.

शेटलंडमधे बायका जमून विणतात त्याला ‘माकिन अँड याकिन’ म्हणतात, म्हणजे विणायचं आणि गप्पा मारायच्या. आमच्या कोथरूडच्या ग्रुपचं दर बुधवारी साडेचारला तेच चालतं. प्रत्येक बाईचा हात वेगळा, कुणी घट्ट विणतं कुणी सैल, त्यामुळे पुढचा भाग तुमच्या बहिणीच्या हातासारखा यायला हवा, आणि तो हात आमच्यापैकी कुणी बघितलेला नाही, तुम्ही बघितलाय. तुम्ही फक्त बोटांनी चाचपून सांगा, सैल होतंय की घट्ट. मासिकाच्या ऑफिसात माझा फोन नंबर ठेवलाय, घ्यायला रिक्षा घेऊन मी येते. नातवाचं आत्ताचं माप आणा मात्र.